रुई–आई लिहिलेली प्लेट

नोएडातल्या आमच्या गोदावरी अपार्टमेंट्समध्ये कुणाकडे लग्न-मुंज असलं की पाहुण्यांची रांग दारातच तुंबते. कारण ठरलेलं. लुंबिनी मेश्राम तोरणाखाली उभी असते. बाकीचे लोक हातातलं आहेराचं पाकीट सांभाळत आतल्या जेवणाचा अंदाज घेत असतात आणि ही आंब्याची पानं उलटीसुलटी करून उजेडात धरून पाहत असते. एखादं पान मनात भरलं तर यजमानांच्या देखत खुडून पर्समध्ये टाकते. एकदा तिनं खुद्द नवरदेवाच्या हारातलं पान मागितलं होतं. त्यानं दिलं. त्या दिवशी तो कुणालाही काहीही देण्याच्या मनःस्थितीत होता.

ही बाई पानांत काय शोधते हे सोसायटीला कळायला बराच वेळ लागला. आमचे सेक्रेटरी विनायकराव तिला आयुर्वेदिक कंपनीतली समजायचे आणि जिन्यात गाठून टकलावर उपाय विचारायचे. शेवटी तिनं सांगून टाकलं, "काका, मी बुरशी शोधते."

"बुरशी? मग आमच्या बाथरूममध्ये ये की. हवी तेवढी ने."

"तशी नको. पानाच्या आत राहणारी हवी."

विनायकराव हसले, पण बुरशी खरोखरच पानाच्या आत राहते. झाडाच्या पानात, देठात, खोडात काही बुरश्या मुक्कामाला असतात. बाहेरून दिसत नाहीत, झाडाला आजारी पाडत नाहीत, गप्प राहतात. घरमालकाला न दुखावता राहणारा भाडेकरू दिल्लीत कुणी पाहिलेला नसल्यामुळे आम्हाला हे पटायला जड गेलं. पण झाडाच्या भिंतींमधून वावरायचं तर त्या भिंती विरघळवणारा रस अंगात हवा, आणि तो ह्या बुरश्यांकडे असतो. आपण शाळेत त्याला विकर म्हणून पाठ केलं आणि परीक्षेनंतर विसरलो. लुंबिनी एन्झाइम म्हणते. भाताचा पेंढा म्हणजे अशाच वाळलेल्या भिंतींचा ढीग. त्यावर हा रस टाकला की पेंढ्यातून साखर सुटते, त्या साखरेत यीस्ट टाकलं की मद्यार्क होतो, आणि मद्यार्क पेट्रोलमध्ये मिसळला की गाडी चालते. दिवाळीच्या सुमारास हरियाणात जो पेंढा शेतातच पेटवतात, आणि ज्याच्या धुरात आम्ही नोएडाकर खोकत खोकत आरोग्यासाठी फिरायला जातो, तो नाकात न जाता टाकीत जाईल. इतकं सरळ आहे. फक्त त्यासाठी जोरदार बुरशी सापडायला हवी, आणि ती कुठल्या पानात बसली आहे याची पाटी झाडावर नसते.

लुंबिनीचे वडील बबनराव एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. तरुणपणी भंडाऱ्याहून दिल्लीला आले, सरकारी क्वार्टरमध्ये संसार केला, मुलीला पहाडगंजच्या मराठी शाळेत घातलं, आणि क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा यमुना ओलांडून आमच्या सोसायटीत आले. तेव्हा इथे सेक्टरला नंबर होता, पण रस्त्याला दिवा नव्हता. सोसायटीला लिफ्ट होती, पण लिफ्टला वीज नव्हती. देश नुकताच खुला झाला होता. बाजारात परदेशी बिस्किटं मिळू लागली होती आणि ती आणायला जायला बस मिळत नव्हती. बबनराव निवृत्त झाले तरी त्यांच्या तोंडातली फाइल निवृत्त झाली नाही. भाजी अळणी झाली की बायकोला म्हणायचे, "कमलाबाई, मिठाचा विषय फेरविचारार्थ सादर."

"मीठ समोर ठेवलंय," कमलाबाई म्हणायच्या. "सही करा आन् घ्या."

मेश्रामांचं घर चौथ्या मजल्यावर, त्यामुळे दोन वर्षांत कमलाबाईंचा उजवा गुडघा बोलायला लागला. दिल्लीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. कमलाबाईंनी त्या डब्यात नीट ठेवल्या आणि आपलं भंडाऱ्याचं औषध सुरू केलं. रुईचं पान तव्यावर गरम करायचं, तेल लावायचं आणि गुडघ्यावर बांधायचं. रुईला इथे तोटा नव्हता. सोसायटीच्या कंपाउंडला लागून मोकळा प्लॉट होता, आणि जिथे कुणी काही लावत नाही तिथे रुई स्वतःला लावून घेते. जाड, पांढरट हिरवी पानं, जांभळट फुलांचे झुबके, पान तोडलं की दुधासारखा चीक. कमलाबाई एका झुडपाची पानं आठवड्याला एकदाच तोडून आणायच्या आणि स्वयंपाकघरात टोपलीत ठेवायच्या. टोपलीवर त्यांचं नाव नव्हतं, पण हात लावायची कुणाची टाप नव्हती.

लुंबिनी तेव्हा एम.एस्सी. करून एका खाजगी कंपनीच्या नव्या प्रयोगशाळेत लागली होती. कंपनी मद्यार्क बनवायची. तिचं नाव सांगत नाही, कारण तिच्या मालकांना प्रसिद्धी फार आवडते. ह्या मालकांनी पेपरात वाचलं की पुढचा जमाना पेंढ्यातून निघणाऱ्या इंधनाचा आहे, आणि फरिदाबादला काचेची इमारत बांधून तिच्यात डॉक्टर भसीन यांना बसवलं.

भसीन म्हणजे स्वच्छतेचा महापूर. प्रयोगशाळेच्या दारात चपला बदलायच्या, आत गेल्यावर पुन्हा बदलायच्या. ते स्वतःशी हात मिळवत असते तर आधी धुतले असते. बुरशीच्या कामात हा गुणच म्हणायचा, कारण हवेतली कुठलीही भटकी बुरशी प्लेटमध्ये पडते आणि मालकीण असल्यासारखी पसरते. टेस्ट ट्यूबच्या तोंडाला कापसाचा बोळा लावतात, त्या बोळ्यातूनसुद्धा ती येते. भसीनांचं सगळ्यात मोठं भय म्हणजे हा कापसाचा बोळा. त्यांच्या स्वप्नातही बहुधा कापूसच येत असावा.

लुंबिनीचं काम असं. पान आणायचं, त्याला स्पिरिटची आणि कपडे पांढरे करायच्या द्रावणाची आंघोळ घालायची, म्हणजे बाहेरची सगळी बुरशी मरते. मग निर्जंतुक पाण्यानं धुवायचं, तुकडे करायचे आणि बटाट्याच्या रसाच्या जेलीवर ठेवायचे. आतली बुरशी कापलेल्या कडेतून हळूच डोकं बाहेर काढते. तिनं दिसेल त्या झाडाची पानं आणली आणि प्रत्येक प्लेटवर मार्करनं झाडाचं नाव आणि ते कुठलं हे देवनागरीत लिहिलं. 'नीम–गेट'. 'जामुन–बस स्टॉप'. 'पीपल–थाना'. पोलीस ठाण्यातल्या पिंपळानं तर काहीच कबूल केलं नाही.

एका सोमवारी पान आणायचं राहिलं म्हणून तिनं निघता निघता कमलाबाईंच्या टोपलीतलं एक पान उचललं.

"ठेव ते," आतून आवाज आला.

"एकच घेतेय, आई."

"माया गुडघ्याचं काय?"

"तुझ्या गुडघ्याचं नाव लिहिते प्लेटवर. मग तर झालं?"

आणि तिनं खरंच लिहिलं: 'रुई–आई'.

ह्या प्लेटमध्ये जी बुरशी उगवली ती दिसायला अगदी साधी होती, मधे राखाडी आणि कडेला किंचित गुलाबी. पण परीक्षा घेतली तेव्हा लुंबिनी खुर्चीतून उठली. ही परीक्षा मोठी छान असते. पेंढ्याचा मुख्य घटक घातलेल्या जेलीवर बुरशी वाढवायची, मग वरून लाल रंग ओतायचा. जिथे बुरशीनं तो घटक खाऊन टाकला असेल तिथे रंग टिकत नाही, तिथे फिकट कडं उरतं. बाकीच्या बुरश्यांची कडी बांगडीएवढीही नव्हती. हिचं कडं प्लेटच्या काठाला जाऊन टेकलं होतं. ह्या बुरशीला आणखी मोठी प्लेट दिली असती तर तीही तिनं चाटून साफ केली असती.

आनंदाच्या भरात लुंबिनीनं त्या बुरशीच्या दोन-चार ट्यूब भरल्या, सगळ्यांवर 'रुई–आई' लिहिलं, फ्रीजमध्ये ठेवल्या आणि चुलतबहिणीच्या लग्नाला भंडाऱ्याला निघून गेली. भसीन परिषदेसाठी बाहेरगावी होते. परत आल्यावर त्यांना सगळं दाखवू असं तिनं ठरवलं.

आता दिल्लीत वाढलेल्या मराठी माणसाच्या डोक्यात दोन खोल्या असतात. एकीत घरचं मराठी, दुसरीत बाहेरचं हिंदी, आणि मधलं दार बहुतेक बंद असतं. लुंबिनीच्या आतल्या खोलीत रुई म्हणजे आईच्या गुडघ्यावरचं पान. बाहेरच्या खोलीत रूई म्हणजे कापूस. दोन्ही शब्द तिला जन्मापासून ठाऊक होते, पण ते कधी एकमेकांना भेटले नव्हते. ते भेटले भसीनांच्या फ्रीजमध्ये.

लग्नाहून लुंबिनी लाडूंचा डबा घेऊन परतली, सगळ्यांना लाडू दिले आणि फ्रीज उघडला. कप्पा रिकामा होता.

"सर, मेरी प्लेटें?"

"ऑटोक्लेव्ह करवा दीं," भसीन म्हणाले. ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकर. त्यात गेलेलं काही जिवंत बाहेर येत नाही. "शाबाश बेटा. इतनी ईमानदारी से कोई नहीं लिखता."

"क्या लिखा था मैंने?"

"रूई आई. कॉटन से आई हुई फफूंद. मैंने ट्यूबें भी उबलवा दीं. एक नहीं छोड़ी."

लुंबिनीनं हातातला डबा टेबलावर आपटला.

"सर, आई मतलब माँ!"

"किसकी माँ?"

"मेरी माँ! और रुई मतलब पौधा. मोटे पत्ते होते हैं, दूध निकलता है…"

"वो तो आक है."

"हमारे घर में रुई कहते हैं."

"तो रूई को क्या कहते हो?"

"कापूस!"

भसीन खाली बसले. "माँ को आई, आक को रुई, रूई को कापूस," ते पुटपुटले. "यार, तुम लोग घर में एक-दूसरे को समझते कैसे हो?"

मग त्यांचा चेहरा पडला. माणूस वाईट नव्हता. स्वतः उठून कँटीनमधून चहा घेऊन आले, आणि हे त्यांनी त्यापूर्वी कुणासाठी केलेलं नव्हतं. पण चहा ठेवता ठेवता त्यांनी जे सांगितलं ते शास्त्रज्ञाचं होतं. "देखो बेटा, मैं मान भी लूँ, तो कौन मानेगा? विज्ञान का मतलब है दोबारा. पत्ते के अंदर थी, तो दोबारा निकालकर दिखाओ."

त्यासाठी मुदत होती ती होळीपर्यंत. होळीनंतर कंपनीचे परदेशी भागीदार येणार होते. तयार एन्झाइम डब्यात भरून विकायचा त्यांचा धंदा होता. मालकांनी सरळ हिशेब मांडला होता: आपल्या लोकांकडे स्वतःची चांगली बुरशी असेल तर बुरशी विभाग चालू, नसेल तर डबा विकत आणू आणि विभागाला कुलूप.

घरी बबनरावांनी सगळं ऐकून घेतलं. "अर्थाचा अनर्थ," ते म्हणाले. "मंत्रालयात आम्ही असल्या वेळी स्पष्टीकरण मागवत होतो."

"स्पष्टीकरणातून बुरशी उगवत नाही, बाबा."

"मग काय करशील?"

"पुन्हा काढेन. झुडूप तिथेच आहे. पान आहे. त्यात काय आहे एवढं?"

त्यात बरंच होतं. लुंबिनीनं दुसऱ्या दिवशी सकाळी प्लॉटवर जाऊन कोवळी, टवटवीत, निवडक पानं तोडली. ताजं पान तोडून लगेच प्रयोगशाळेत न्यायचं, अशी तिची शिस्त. कायनेटिक होंडावर पायाशी बर्फाचा डबा ठेवून ती फरिदाबादला पोचायची. आंघोळ, तुकडे, जेली, सगळं यथासांग. प्लेटमध्ये काही उगवलं नाही. तिनं पुन्हा केलं. ह्या वेळी दोन-तीन बुरश्या आल्या. त्यांतली एकही गुलाबी कडेची नव्हती आणि लाल रंगाच्या परीक्षेत सगळ्या नापास झाल्या.

तेव्हा तिनं इतर झुडपं धरली. यमुनेच्या काठावरची रुई, रेल्वेच्या रुळाकडेची रुई. जानेवारीत आमच्या सोसायटीची बस पानिपतला काला अंबला गेली, तशी ती दर वर्षी जाते. आम्ही सगळे लढाईच्या स्मारकापुढे डोकं खाली घालून उभे, आणि लुंबिनीही डोकं खाली घालून, पण कुंपणापलीकडच्या रुईत. येताना मागच्या सीटवर पिशव्याच पिशव्या. विनायकराव चिकानं माखलेल्या पिशवीवर बसले आणि इतिहासाबद्दल जे बोलत होते ते सोडून वर्तमानाबद्दल बोलू लागले. त्या पानांतूनही बुरश्या निघाल्या. कडं पडलं, पण कुंकवाच्या टिकलीएवढं. प्रत्येक झुडपातले भाडेकरू वेगळे असतात. तिला हवा होता तो आमच्या शेजारच्या प्लॉटवरचाच.

आणि फेब्रुवारीत त्या प्लॉटवर जेसीबी आला.

तिथे शॉपिंग कॉम्प्लेक्स होणार होतं. आमच्या सोसायटीला केवढा आनंद झाला! ब्रेड आणायला आता सेक्टर ओलांडावा लागणार नाही म्हणून विनायकरावांनी पेढे वाटले. लुंबिनी त्यांच्या हातातला पेढा न घेताच जिन्यानं खाली धावली, आणि मागून गुडघा विसरून कमलाबाई.

ठेकेदार चौधरी खुर्ची टाकून बसला होता. लुंबिनी सरळ जेसीबीच्या दातांपुढे उभी राहिली.

"भाईसाहब, ये झाड़ नहीं काटना."

"मैडम, प्लॉट पास है. कागज दिखाऊँ?"

"कागज नको. झाड हवंय," लुंबिनी मराठीत ओरडली. चिडली की तिच्या डोक्यातलं मधलं दार उघडतं.

चौधरीनं झुडपाकडे पाहिलं आणि त्याचा आवाज खाली आला. "ये तो आक है. शिवजी पे चढ़ता है. शिवरात सिर पे है, मैं आप ही सोच रहा था कि पाप किसके सिर जावेगा."

"मेरे सिर," लुंबिनी म्हणाली. "जड़ समेत दे दो."

"पक्का?"

"लिहून देऊ का?" मागून बबनराव आले होते. हातात पेनही होतं.

चौधरीला लिखापढी नको होती. त्यानं जेसीबी दुसऱ्या कोपऱ्यात पाठवला आणि वर दोन फावडी दिली. रुईचं मूळ खाली किती जातं हे आम्हाला त्या दिवशी कळलं. बबनराव खणत होते, आम्ही सोसायटीची चार माणसं खणत होतो, विनायकराव मार्गदर्शन करत होते. चीक डोळ्यात जाऊ नये म्हणून कमलाबाईंनी प्रयोगशाळेचा गॉगल लावला होता आणि फांद्या धरून त्या अशा उभ्या होत्या की जणू विमानच चालवणार आहेत. शेवटी मूळ मधेच तुटलं, पण झुडूप निघालं. निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये माती भरून ते चौथ्या मजल्यावरच्या बाल्कनीत चढवलं. लिफ्ट अर्थातच बंद होती.

ड्रममधली रुई चार दिवस ताठ उभी राहिली आणि मग मान टाकू लागली. कमलाबाईंनी पाणी घातलं, बबनरावांनी सावली केली. पानं लोंबली, कडेनं पिवळी झाली. लुंबिनीनं उरलेली हिरवी पानं घाईनं तोडून नेली आणि पुन्हा रिकाम्या प्लेट घेऊन परतली. होळी समोर दिसत होती. भसीनांनी एव्हाना नजर चुकवायला सुरुवात केली होती, आणि कुणी तरी कपाटांची मोजमापं घेऊन गेलं होतं.

एका रविवारी दुपारी ती बाल्कनीत ड्रमपुढे बसली होती. बबनराव हळूच म्हणाले, "बाळ, प्रकरण बंद करायचं का?"

"नाही."

"झाड तर चाललं."

"दिसतंय मला."

"मग आता कुठल्या पानातून…"

"बाबा, एक मिनिट." ती एक पिवळं पान हातात घेऊन बघत होती. "आई! तू टोपलीत पानं किती दिवस ठेवायचीस?"

"हप्ताभर. रोज कोण उतरंल चार मजले?"

"मी नेलं ते पान सोमवारचं होतं. तू कधी आणली होतीस?"

"आदल्या मंगळवारी. शेवटचं होतं, म्हणून तर वरडले मी. पार मलूल झालं होतं."

लुंबिनी उठून उभी राहिली. "मी मूर्ख आहे," ती फार आनंदानं म्हणाली.

तिनं आम्हाला नंतर समजावलं ते असं. पान तरणंताठं असतं तोवर ते आतल्या भाडेकरूला हातपाय पसरू देत नाही. भाडेकरूही शहाणा, गप्प बसतो. पान म्हातारं झालं, मलूल झालं, की त्याचा दरारा संपतो आणि मग ही बुरशी कामाला लागते. भिंती विरघळवायचा रस तेव्हाच सोडते. लुंबिनी इतके दिवस सगळ्यात ताजं, सगळ्यात निरोगी पान शोधत होती. बर्फात ठेवून नेत होती. जिथे बुरशी हमखास झोपलेली असेल तिथेच दार वाजवत होती. आणि आता ड्रममध्ये अख्खं झुडूप मलूल होऊन तिच्यापुढे उभं होतं, पानापानांनी पिवळं.

तिनं सोमवारी सगळी पिवळी पानं नेली, बर्फाशिवाय. भसीनांच्या टेबलापुढे उभी राहिली. "सर, आप सामने बैठिए. एक-एक कदम देखिए. बाद में कोई रूई-वूई नहीं सुनूँगी."

भसीन बसले. तिनं पानांना आंघोळ घातली, धुतली आणि शेवटच्या धुण्याचं पाणी वेगळ्या प्लेटवर पसरलं. हीच खरी साक्ष. ह्या प्लेटवर काही उगवलं तर पानाचा बाहेरचा भाग मळका होता आणि सगळी मेहनत फुकट. काही उगवलं नाही तर जे येईल ते आतलंच. तुकडे तिनं जेलीवर ठेवले. एकाही ट्यूबला कापसाचा बोळा लावला नाही, सगळ्यांना झाकणं. प्लेटवर नाव घालायची वेळ आली तेव्हा भसीन घसा खाकरून म्हणाले, "अंग्रेज़ी में लिख देना, प्लीज़."

तिनं झाडाचं लॅटिन नाव लिहिलं. पुढे हायफन दिला, आणि मग सवयीनं हात चालला तसं 'आई' लिहिलं. भसीनांनी ते वाचलं आणि प्लेट स्वतःच उचलून आत ठेवली.

होळीच्या आदल्या दिवशी त्यांनीच तिला फोन करून बोलावलं. प्रयोगशाळेत ती पोचली तेव्हा ते आधी धुण्याच्या पाण्याची प्लेट हातात घेऊन उभे होते. उजेडाकडे धरून, तिरपी करून, चष्मा वर-खाली करून पाहत होते. काही नव्हतं. जेली काचेसारखी नितळ. मग त्यांनी दुसरी प्लेट तिच्यापुढे सरकवली. पिवळ्या तुकड्यांच्या कापलेल्या कडांतून राखाडी कापूस बाहेर आला होता (हा कापूस बुरशीचाच, घाबरू नये) आणि त्याला गुलाबी किनार होती.

"यही है?" भसीनांनी विचारलं.

लुंबिनीनं मान हलवली. मग बाहीनं डोळे पुसले.

"तो रो क्यों रही हो? रंग डालो."

परीक्षेच्या जेलीवर वाढवलेली प्लेट भसीनांनी आधीच तयार ठेवली होती. तिच्यावर लाल रंग ओतला, धुतला. कडं काठाला जाऊन टेकलं.

परदेशी भागीदार आले तेव्हा दोन फ्लास्क मांडले होते. दोन्हींत एकाच पेंढ्याचा भुगा. एकात त्यांच्या डब्यातलं एन्झाइम, दुसऱ्यात लुंबिनीच्या बुरशीचा रस. किती साखर सुटली हे रंगावरून कळतं. पिवळं द्रावण साखरेनं विटेसारखं तांबडं होत जातं. दोन्ही द्रावणं तांबडी झाली. डब्याचं जरा अधिक गडद झालं. मालक खुर्चीत मागे रेलले. पाहुणे हसून म्हणाले, छान प्रयत्न आहे, पण आमचं पुढे आहे.

लुंबिनीनं ते मान्य केलं. "पुढे असणारच," ती इंग्रजीत म्हणाली. "तुमची बुरशी कित्येक वर्षं तुमच्या कारखान्यात दूध-तूप खातेय. आमची परवापर्यंत बाल्कनीत होती. तिला एक भाताचा हंगाम द्या. आणि मला प्रयोगशाळेतला भुगा नको, शेतातला पेंढा हवा. ओला, मातीचा, जसा जाळतात तसा."

मालकांनी भसीनांकडे पाहिलं. आता गंमत बघा. ज्या माणसानं आयुष्यभर धुळीचा कण आत येऊ दिला नव्हता तो उभा राहून म्हणाला, "सर, जगह मैं करवा दूँगा."

विभागाला कुलूप लागलं नाही. हंगामापर्यंत मुदत मिळाली, त्यापुढे आणखी मिळाली. बाल्कनीतली रुई मात्र गेली. कमलाबाई दोन दिवस लेकीशी बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या गोळ्यांचा डबा उघडला. लुंबिनीनं त्या बुरशीच्या ट्यूब चार ठिकाणी ठेवल्या: दोन फरिदाबादच्या वेगवेगळ्या फ्रीजांत, एक विद्यापीठातल्या तिच्या बाईंकडे आणि एक सरकारी संग्रहात. सरकारी संग्रहात पाठवायचा मसुदा बबनरावांनी केला. तो इतका काटेकोर होता की तिकडून बुरशीच्या आधी मसुद्याचं कौतुक आलं.

त्या वर्षी ऑक्टोबरात करनालकडून पेंढ्याची पहिली ट्रॉली फरिदाबादच्या काचेच्या इमारतीपुढे येऊन उभी राहिली. मी तिथे होतो, कारण लुंबिनीनं सोसायटीतल्या रिकाम्या माणसांना मदतीला बोलावलं होतं आणि यादीत मी पहिला होतो. ट्रॉली फाटकापेक्षा रुंद होती. पेंढा ट्रॉलीपेक्षा रुंद होता. पहारेकरी म्हणाला, पास दाखवा. ट्रॅक्टरवाला म्हणाला, पेंढ्याचा पास कसा असतो ते आधी तू दाखव.

कमलाबाईही आल्या होत्या. त्यांनी एक काडी उचलून दातांत धरली. "तणस चांगली आहे," त्या म्हणाल्या. भंडाऱ्याकडे पेंढ्याला तणस म्हणतात. "जाळतात हो ही? अख्खी?"

"अख्खी, आई."

भसीन पांढरा कोट घालून दारात उभे होते. वारा आला आणि त्यांच्या केसांत, चष्म्यावर, कोटाच्या खिशात काड्या गेल्या. त्यांनी एक काडी काढली, दुसरी काढली, मग नाद सोडला. चपला न बदलताच ते अंगणात उतरले.

"लुंबिनी, इतनी काफी होगी न?"

लुंबिनी तोपर्यंत पदर खोचून ट्रॉलीवर चढली होती आणि वरून गठ्ठे खाली ढकलत होती. तिनं वळून पाहिलंसुद्धा नाही.

"भैया," तिनं ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली, "कल दो लाना."